खिडक्या बंद, कुलर सुरू आणि घरात मांजर

नवतपा सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. दुपारी चारच्या सुमारास आमच्या अपघात विभागात ६८ वर्षांच्या एका काकूंना स्ट्रेचरवरून आणलं. अंगाला हात लावला तर चटका बसावा अशी त्वचा, बोलणं असंबद्ध, डोळे अर्धवट मिटलेले. शरीराचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या वर. उष्माघाताचं निदान करायला वेळ लागला नाही, पण सोबत आलेल्या शेजाऱ्यांना ते पटेना. "साहेब, त्या दोन दिवस घराबाहेर पडल्याच नाहीत जी. कुलर तर चालूच होता."

अंगावर पाण्याचा फवारा, वरून पंखा, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या, शिरेतून सलाईन असे उपचार तातडीने सुरू केले. तिसऱ्या दिवशी काकू नीट शुद्धीवर आल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मुलाबद्दल नाही, घराबद्दल नाही. "माझी मनी कशी आहे?"

मनी ठणठणीत होती. शेजाऱ्यांनी दार उघडलं तेव्हा ती न्हाणीघरात ओल्या फरशीवर पोट टेकवून पसरलेली होती.

पुढची हकिगत हळूहळू कळली. घर तिसऱ्या मजल्यावर, थेट गच्चीखाली. आदल्या वर्षी कबुतराच्या मागे धावताना मनी खिडकीतून खाली पडली आणि तिचा पाय मोडला. तेव्हापासून काकूंनी सगळ्या खिडक्या कायमच्या लावून टाकल्या. खिडकीबाहेरच्या स्टँडवरचा कुलर खोलीत आणून ठेवला. मनी सुरक्षित झाली आणि खोलीची भट्टी झाली.

इथे कुलरचं काम कसं चालतं ते समजून घ्यायला हवं, कारण ही चूक मी मांजर नसलेल्या घरांतही पाहतो. कुलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते आणि गार, दमट हवा आत येते. ही हवा दुसऱ्या बाजूने बाहेर गेली पाहिजे. कुलर बंद खोलीत ठेवला, की तो तीच हवा पुन्हा पुन्हा ओली करतो. तासाभरात दमटपणा इतका वाढतो की ताट्यांवरचं पाणी सुकत नाही आणि आपल्या अंगावरचा घामही सुकत नाही. घाम नुसता गळून उपयोग नसतो, तो सुकला तरच शरीर थंड होतं. शिवाय काकू रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत होत्या, आणि उतारवयात तहानेची जाणीवही बोथट होते. (या गोळ्या उन्हाळ्यात परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवा.)

म्हणून कुलर खिडकीबाहेर आणि समोरची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं, हे विदर्भ-मराठवाड्यासाठी पक्कं. मुंबई-कोकणात हवा मुळातच दमट असल्याने कुलरचा फारसा उपयोग होत नाही. तिथे वारा खेळता ठेवणं आणि जमलं तर एसी, एवढेच मार्ग.

मग मांजराचं काय? तर जाळी. डासांसाठी लावतात ती पातळ जाळी मांजर नखांनी सहज फाडतं, तिच्या भरवशावर राहू नका. लोखंडी तारेची जाळी चौकटीत ठोकून घ्यावी, किंवा कबुतरांसाठी बाल्कनीला लावतात ती मजबूत नायलॉनची जाळी घट्ट ताणून बसवावी. मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं, हा समज अर्धाच खरा आहे. न्यूयॉर्कमधल्या एका पशुरुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९८७ साली उंच इमारतींतून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यांतली बहुतेक उपचारांनंतर वाचली, हे खरं. पण छातीला मार, जबड्याची आणि पायांची हाडं मोडणं हेही त्यांच्यात सर्रास होतं.

जाळी बसली की सगळ्यांत मोठा फायदा रात्री होतो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळनंतर ते खोलीत ओकतो. म्हणून गच्चीखालची घरं रात्री दहालाही धगधगतात. बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गार झाली की सगळ्या खिडक्या उघडाव्यात, पहाटेपर्यंत उघड्या ठेवाव्यात, आणि सकाळी आठ-साडेआठला ऊन चढायच्या आत कुलरची वाट तेवढी सोडून बाकीच्या लावून घ्याव्यात. काचेच्या आतल्या पडद्यापेक्षा बाहेरून टाकलेली सावली जास्त कामाची, कारण एकदा ऊन काचेतून आत आलं की उष्णता घरातच अडकते. गच्चीवर चुन्याचे दोन हात मारले तरी फरक जाणवतो, खर्चही फार नाही. पत्र्याच्या घरांना मात्र हा दारं-खिडक्या बंद ठेवण्याचा नियम लावू नका. पत्रा लगेच तापतो, तिथे दिवसाही हवा बाहेर जायला वाट हवीच. आमच्याकडे पत्र्यावर पऱ्हाट्या किंवा तुराट्या पसरतात, ती रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. फक्त आगीपासून जपावं.

मी माणसांचा डॉक्टर. पण मनीच्या निमित्ताने पशुवैद्यक मित्राला बरंच विचारलं. मांजराच्या शरीराचं तापमान मुळातच ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. त्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना. ते अंग चाटून थुंकीने ओलं करतं आणि थंड फरशीला पोट लावतं. त्यामुळे कोरड्या अंगावर नुसत्या पंख्याचा त्याला आपल्याइतका उपयोग नाही, गार जागा हवी. न्हाणीघराचं दार उघडं ठेवा, माठाखालची ओल राहू द्या. एसीच्या खोलीत मांजर कोंडून बाहेर जाऊ नका, वीज गेली तर ती खोली कोंडमारा होते. अंगावरचे केस भादरायची गरज नाही, विंचरून मोकळे केले की पुरे. चपट्या तोंडाच्या पर्शियन मांजरांना श्वासातून उष्णता टाकणं कठीण जातं, त्यांना जास्त जपावं.

घरगुती मांजराचे पूर्वज वाळवंटी प्रदेशातले, म्हणून ते मुळातच कमी पाणी पितं. पाण्याची दोन-तीन भांडी खाण्यापासून लांब ठेवावीत. दूध नको. ते डोळे मिटून पितं हे खरं, पण बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि जुलाब होऊन अंगातलं पाणी आणखी कमी होतं. बोका वारंवार लघवीला बसून थेंबही होत नसेल तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं.

आता कुलरची टाकी. मांजर तिथलं पाणी पितं, हे धरूनच चाला. वास जावा म्हणून काहीजण तिच्यात फिनाईल टाकतात. ते मांजराला विषारी आहे. त्यापेक्षा दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासून कोरडी करावी, डासांची पैदासही थांबते. आणि पाणी भरण्याआधी प्लग काढावा, अर्थिंग तपासून घ्यावं. कुलरचा शॉक लागून आलेले रुग्णही आम्ही दर उन्हाळ्यात पाहतो.

एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. उष्माघातात पॅरासिटामॉलची गोळी काम करत नाही. संसर्गाच्या तापात मेंदूतलं तापमानाचं नियंत्रण वरच्या आकड्यावर सरकलेलं असतं, गोळी ते खाली आणते. उष्माघातात नियंत्रण जागेवरच असतं, शरीर बाहेरच्या उष्णतेपुढे हरलेलं असतं. आणि मांजराला तर ही गोळी कधीच देऊ नये. ती पचवण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात तोकडी असते, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

माणूस बरळू लागला, झोपाळला, अंग तापलं, तर १०८ ला फोन करून गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला. नीट शुद्धीत नसेल तर तोंडाने पाणी पाजू नका. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकू लागलं, लाळ गळू लागली, लटपटलं, तर पोट-पंजे-कान साध्या गार पाण्याने भिजवा, वारा घाला आणि तडक पशुवैद्याकडे न्या. बर्फाचं पाणी नको.

काकू दहाव्या दिवशी घरी गेल्या. चालताना तोल अजून थोडा जातो, उष्माघाताने लहान मेंदूला इजा होते ती अशी. पुतण्याने खिडक्यांना तारेची जाळी ठोकली, कुलर परत बाहेर गेला. तपासणीला आल्या तेव्हा सांगत होत्या, दुपारी बारा वाजले की मनी न्हाणीघरात जाते, मग त्याही आपली खुर्ची न्हाणीघराच्या दाराशी ओढतात आणि पाय ओल्या फरशीवर ठेवून बसतात. फरशीवर पाय घसरायला नको म्हणून मी त्यांना खाली गोणपाट टाकायला सांगितलं आहे.