इंजिनाच्या अंतरंगात : भाग ७ – रिटेनर निवडताना

गेल्या आठवड्यात आपण कॅमशाफ्ट बदलला. व्हॉल्व्ह आता जास्त उघडणार, म्हणून स्प्रिंगही कडक घेतली. राहिला तो स्प्रिंगच्या डोक्यावर बसणारा रिटेनर. चिमटीत मावणारी ही चकती बहुतेक जण शेवटी, दुकानात असेल ती घेतात. पण व्हॉल्व्हला स्प्रिंगशी बांधून ठेवतात ते रिटेनर आणि त्यातली दोन अर्धगोल लॉकं, म्हणजे गॅरेजच्या भाषेत कॉटर. ती निसटली तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो, पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि बहुधा हेड आणि पिस्टन दोन्ही जातात.

उदाहरणाला शेव्हर्लेचं एलएस इंजिन घेऊ. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये ५.७ लिटरचं एलएस-१ आलं आणि अमेरिकेत गाड्या सुधारून घेणाऱ्यांनी ते उचलून धरलं. त्याच्या व्हॉल्व्हची दांडी ८ मिलिमीटरची, लॉकचा उतार ७ अंशांचा आणि स्प्रिंग वर निमुळती होत जाणारी. वरचं टोक लहान, म्हणून रिटेनरही लहान आणि हलका. मोठा कॅम टाकणारे बरेच जण ही स्प्रिंग काढून एकात एक बसणाऱ्या दोन स्प्रिंगांचा संच लावतात, आणि तिथून रिटेनरचा प्रश्न सुरू होतो.

आधी उतार पाहा. बाजारात ७ अंशांचे रिटेनर मिळतात तसे १० अंशांचेही, आणि नुसत्या नजरेला हा फरक कळत नाही. १० अंशांच्या रिटेनरमध्ये ७ अंशांचं लॉक बसल्यासारखं दिसतं, पण ते एका अरुंद कडेवरच टेकलेलं असतं. सगळा भार त्या कडेवर येतो आणि लॉक हळूहळू रिटेनरमधून ओढलं जातं. शंका असेल तर लॉकच्या बाहेरच्या अंगाला निळा मार्किंगचा रंग लावा, रिटेनरमध्ये बसवून हलकेच ठोका आणि बाहेर काढा. रंग सबंध उंचीवर पुसला गेला असेल तरच जोडी जुळली. लॉकचे दोन अर्धे बसल्यावर त्यांच्यामध्ये बारीक फट राहायला हवी. ते एकमेकांना भिडले तर दांडीवरची पकड गेली.

दुसरं, पायऱ्या. दुहेरी स्प्रिंगच्या रिटेनरला खालून दोन पायऱ्या असतात. बाहेरची स्प्रिंग एकीवर, आतली दुसरीवर नेमकी बसली पाहिजे. सैल बसलेली स्प्रिंग सरकते, घासते आणि पायरी खाऊन टाकते. एलएसमध्ये आणखी एक अडचण आहे. कंपनीचं व्हॉल्व्ह सील आणि स्प्रिंगखालची वाटी एकाच तुकड्याची असते आणि आतल्या स्प्रिंगच्या आड येते. म्हणून वेगळं सील आणि वेगळी वाटी घ्यावी लागते. हा खर्च हिशेबात धरायला लोक विसरतात.

आता मोजमाप, आणि माझ्या मते खरं काम इथेच आहे. स्प्रिंग न लावता नुसता रिटेनर आणि लॉकं व्हॉल्व्हवर चढवा, व्हॉल्व्ह घट्ट बंद ठेवून रिटेनर वर ओढून धरा आणि स्प्रिंगच्या बैठकीपासून रिटेनरच्या बाहेरच्या स्प्रिंगच्या पायरीपर्यंत मोजा. ही बसवलेली उंची. एलएसमध्ये ती साधारण ४५.७ मिलिमीटर येते, पण प्रत्येक व्हॉल्व्हची वेगळी मोजा. समजा कॅममुळे व्हॉल्व्ह १५.२ मिलिमीटर उघडतो आणि स्प्रिंग पूर्ण दबून वेटोळी एकमेकांना टेकतात तेव्हा तिची उंची २७.४ मिलिमीटर असते. मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंग ३०.५ मिलिमीटरची होईल, म्हणजे ३.१ मिलिमीटर शिल्लक. रस्त्यावरच्या गाडीला दीड मिलिमीटर पुरेसं आहे. रिटेनरचं बूड आणि सीलचा माथा यांच्यातलं अंतरही पाहा. व्हॉल्व्ह बंद असताना ते उघडझापेपेक्षा किमान १.३ मिलिमीटर जास्त, या हिशेबात १६.५ मिलिमीटर हवं. नाहीतर रिटेनर सीलवर आदळतो, सील फाटतं आणि तेल जळून निळा धूर निघू लागतो.

उंची कमी पडली तर रिटेनर १.२७ मिलिमीटर वर बसवणारी लॉकं मिळतात. पण स्प्रिंगला एक मिलिमीटर दाबायला ७ किलो लागत असतील, तर तेवढ्या उचलीत सुमारे ९ किलोंचा दाब कमी होतो. मग खाली शिम घालून तो परत मिळवावा लागतो. एक माप बदललं की उरलेली सगळी पुन्हा मोजायची.

शेवटी धातू. टायटेनियमचा रिटेनर त्याच आकाराच्या पोलादी रिटेनरपेक्षा चाळीसेक टक्के हलका. ६,६०० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५५ वेळा उघडतो, आणि एलएसचा रॉकर कॅमची हालचाल १.७ पट करून व्हॉल्व्हकडे पोचवतो, त्यामुळे त्या टोकाचा ग्रॅमही महत्त्वाचा. पण टायटेनियम स्प्रिंगच्या घर्षणाने लवकर झिजतं, वरचेवर काढून तपासावं लागतं. शर्यतीच्या गाडीला ते शोभतं. रोज ऑफिसला नेणाऱ्या, वर्षानुवर्षं हेड न उघडणाऱ्या गाडीत मी टूल स्टीलचाच रिटेनर लावीन.

स्प्रिंग, रिटेनर, लॉक आणि सील शक्यतो एकाच उत्पादकाच्या एकाच संचातून घ्या आणि तरीही सोळाही व्हॉल्व्हची मापं वहीत लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात पुशरॉडची लांबी काढताना ती लागतील.