केसपेपर कोणाला दाखवावा?

मुरबाडकडच्या एक भगिनी समुपदेशनासाठी माझ्याकडे येत होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) झोप नाही, छातीत धडधड, अशी तक्रार. पुढे त्या शहापूरला माहेरी राहू लागल्या. एक दिवस त्यांचे यजमान एकटेच आले. "डॉक्टर, हिचा केसपेपर द्या, वकिलांनी मागितलाय." मी नकार दिला. आठवड्याने वकिलाची नोटीस आली.

हिंदू विवाह कायद्यानुसार गंभीर मानसिक आजार काही अटींवर घटस्फोटाचे कारण ठरू शकतो. त्यामुळे निद्रानाशाचा साधा कागदही कोर्टात शस्त्र होतो.

वाचकहो, वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. उपचारासाठी आवश्यक तेवढेच नातेवाइकांना सांगता येते; दाव्यासाठी पुरावा म्हणून नाही. रुग्णाच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर तो टाळण्यापुरती माहिती देता येते. स्वतःचे कागद मागण्याचा हक्क मात्र रुग्णाला आहे.

मी नोटिशीला लेखी उत्तर दिले: रुग्णाची लेखी संमती किंवा न्यायालयाचा आदेश आणावा. त्या भगिनींनाही कळवले.

पुढे समन्स आलेच. समन्स टाळता येत नाही. वकील आणि अशील यांच्या बोलण्याला पुरावा कायद्याचे जे संरक्षण आहे, ते डॉक्टर-रुग्णाच्या बोलण्याला नाही. "आता सगळं वाचून दाखवणार का?" भगिनींनी विचारले. खोटा दिलासा मी दिला नाही. कागद बंद पाकिटात नेले, दाव्याशी संबंध आहे तेवढेच पाहावे अशी न्यायाधीशांना विनंती केली. त्यांनी तपासणीच्या तारखा आणि औषधे एवढेच घेतले. दरवेळी असेच होईल, असे नाही.

समुपदेशक मित्रांना चार गोष्टी सांगतो. मागणी लेखी घ्या. पोलीस आले तरी लेखी आदेश मागा आणि वकिलाचा सल्ला घ्या. समन्स आल्यावर कागद फाडू नका, खाडाखोड करू नका. आणि मुळातच उपचाराला लागेल तेवढेच लिहा. त्या भगिनींच्या सासरच्या भांडणाचा शब्दन् शब्द मी टिपून ठेवला होता. त्याची काही गरज नव्हती.

रुग्णांनीही पहिल्याच भेटीत निःसंकोच विचारावे, "हे कोणाला कळेल?" आपल्याकडे आधीच लोक "वेडाचा डॉक्टर" म्हणून दाराबाहेरूनच परततात. आत सांगितलेले चावडीवर पोचते असे एकदा झाले, की उरलेलेही यायचे थांबतील.