धातूतील नायक आणि संग्राहकाची पाठचिकित्सा

‘संहिता’ हा शब्द आपण वाङ्मयाचे अभ्यासक बहुधा लिखित वा मुद्रित शब्दांपुरताच वापरतो. कथा रंगभूमीवर किंवा चित्रपटात गेली, तर त्या अवस्थेस रूपांतर म्हणून मान्यता देण्याइतके औदार्य अलीकडच्या तौलनिक अभ्यासाने दाखविले आहे. परंतु कथा जेव्हा हातात धरता येणारी, सांधे वळविता येणारी वस्तू होते, तेव्हा तिला आपण खेळणे म्हणतो आणि पुढे जातो. अशा वस्तूंचा संग्रह करणारे लोक मात्र पुढे जात नाहीत. ते थांबतात, तुलना करतात, आवृत्त्यांचा क्रम लावतात. त्यांच्या ह्या उद्योगाचे स्वरूप जपानमधील एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

ते उदाहरण ‘माझिंगर झेड’ ह्या यंत्रमानवाचे. गो नागाई ह्यांची ही चित्रकथा १९७२ साली सुरू झाली आणि त्याच वर्षी ३ डिसेंबरपासून तोएई संस्थेने केलेली ॲनिमे-मालिका दूरचित्रवाणीवर दिसू लागली. सप्टेंबर १९७४पर्यंत तिचे ९२ भाग झाले. कोजी काबुतो ह्या तरुणास त्याचे आजोबा १८ मीटर उंचीचा एक यंत्रदेह वारसा म्हणून देतात. ह्या देहाच्या बळावर तू देव होऊ शकशील किंवा दानवही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. कोजी एका लहान यानातून येऊन यंत्राच्या मस्तकात स्थानापन्न होतो आणि मगच ते प्रचंड शरीर हलू लागते. दूरनियंत्रित यंत्रमानवाच्या कथा जपानमध्ये पूर्वीही होत्या. परंतु मनुष्य आत बसून यंत्राचे मन होतो, ही कल्पना लोकप्रिय करून तिची परंपरा निर्माण केली ती ह्या मालिकेने.

कथेत हा देह ‘चोगोकिन’ नामक काल्पनिक महामिश्रधातूचा आहे. बान्दाई कंपनीच्या पॉपी ह्या उपसंस्थेने १९७३ साली प्रथम सुमारे ६० सेंटिमीटर उंचीचा प्लास्टिकचा माझिंगर काढला. १९७४ साली तळहातावर मावणारी धातूची प्रतिमा आली आणि तिच्या मालेस ‘चोगोकिन’ हेच नाव देण्यात आले. वस्तुतः हा धातू म्हणजे साच्यात ओतलेले जस्ताचे मिश्रण. पण मुलाच्या हाताला जाणवणारा थंडपणा व जडपणा खरा होता. कथेतील विशेषण अशा रीतीने स्पर्शाचा विषय झाले. कोपरापासूनचा हात शत्रूवर फेकण्याची नायकाची युक्तीही कळ दाबताच स्प्रिंगच्या जोरावर सुटणाऱ्या मुठीत उतरली. प्रमाणबद्धता व सांध्यांची लवचिकता ह्या बाबतींत मात्र ही प्रतिमा पडद्यावरील आकृतीहून बरीच दूर होती.

हे अंतर भरून काढण्याचा प्रयत्न १९९७ साली झाला. बान्दाईने ‘चोगोकिनचा आत्मा’ अशा अर्थाच्या नव्या मालेचा आरंभ माझिंगर झेडपासूनच केला. हिचा ग्राहक मूल नव्हता. १९७४मध्ये मूल असलेला प्रौढ होता. आता कोपर, गुडघे वाकू लागले आणि प्रमाणे पडद्यावरील चित्राशी जुळू लागली. येथे पाठचिकित्सेच्या अभ्यासकास एक परिचित प्रश्न भेटतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तिच्यातील पाठ कोणत्याही एका हस्तलिखितात जसाच्या तसा सापडत नाही. उपलब्ध साक्षींवरून तो मागे जाऊन निश्चित केलेला आहे. १९९७ची प्रतिमाही अशीच एक पुनर्रचना आहे. ती १९७४च्या कोणत्याही मुलाने हातात धरलेली नव्हती. खेळताना त्याने मनात जी पाहिली, तिची ती पुनर्रचना होय. साम्य येथेच संपते. संपादकाची साक्ष हस्तलिखितांची असते. येथे चित्रांच्या जोडीला स्मृतीचीही साक्ष आहे आणि स्मृती मूळ पाठ सुधारून घेते.

म्हणूनच गंभीर संग्राहक नव्या प्रतिमेने जुनीला बाद ठरवीत नाही. दोन्ही शेजारी ठेवतो. जुन्या प्रतीत तो रंगाचे टवके, चिकटपट्ट्यांची अवस्था, सुटणाऱ्या मुठी मूळच्या आहेत की मागाहून जोडलेल्या, खोका अस्सल की पुनर्मुद्रित, हे तपासतो. मुठी खेळात हटकून हरवतात. त्यामुळे त्या शाबूत असणे म्हणजे प्रत फारशी वाचली न गेल्याचीच खूण. न उघडलेल्या खोक्यास सर्वाधिक किंमत मिळावी, ही ह्या व्यवहारातील विसंगती आहे. ज्या प्रतीशी कोणी खेळलेच नाही, ती निर्दोष खरी, पण ग्रहणाच्या इतिहासाविषयी ती मूक आहे. झिजलेली प्रत बाजारात स्वस्त असली, तरी अभ्यासकास ती अधिक सांगते.

ह्या प्रतिमांचा प्रवासही तौलनिक अभ्यासकाने पाहावा असा आहे. नागाईंचाच ‘ग्रेन्डायझर’ १९७८ साली फ्रान्समध्ये ‘गोल्डोराक’ झाला. अमेरिकेत मॅटेल कंपनीने अनेक जपानी मालिकांतील यंत्रमानव ‘शोगुन वॉरियर्स’ ह्या एकाच नावाखाली विकले. मार्व्हलने त्यांपैकी तिघांसाठी १९७९-८०मध्ये २० अंकांची सर्वस्वी नवी चित्रकथा रचली. म्हणजे देह आधी पोहोचला, कथा मागाहून घडविली गेली. फिलिपीन्समध्ये उलट घडले. ‘व्होल्टेस फाइव्ह’ ही मालिका मार्कोस शासनाने १९७९ साली शेवटच्या काही भागांपूर्वीच बंद पाडली आणि मुलांच्या हाती शेवट नसलेली कथा उरली.

हा सारा व्यवहार बाजारानेच घडविला, हा आक्षेप रास्त आहे. खेळणी खपावीत म्हणून कथेत नवी यंत्रे येतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु आश्रयदात्याचा हेतू उघड झाल्याने काव्याचा अभ्यास अनावश्यक ठरत नाही. खरी चिंता निराळी आहे. लोकप्रिय कथनाचे हे भौतिक पुरावे मुख्यतः खाजगी कपाटांत आहेत. संग्राहकामागे ते विखुरतात आणि त्यांबरोबर कोणती प्रत कोणत्या क्रमाने आली, हे ज्ञानही जाते. एकेकाळी पोथ्यांचेही असेच होत होते. ग्रंथालयांनी त्यांची सूची केली, तेव्हा पाठचिकित्सा शक्य झाली. भारतीय भाषांतील लोकप्रिय कथनांनीही चित्रे, मुखवटे, बाहुल्या असे देह धारण केले आहेत. त्यांच्या आवृत्त्या नोंदविण्याची शिस्त आपणांस ह्या हौशी मंडळींकडून घेता येईल.