पहिल्या श्वासाची परीक्षा

जन्मतः न रडणाऱ्या बालकाच्या आयुष्याचा निर्णय पहिल्या काही मिनिटांतच होतो. जन्मणाऱ्या दर १०० बालकांपैकी सुमारे १० बालकांना श्वास सुरू होण्यासाठी काही ना काही साहाय्य लागते. बहुतेकांना अंग कोरडे करणे व पाठ चोळणे एवढेच पुरते. थोड्यांना मात्र बॅग व मास्कने कृत्रिम श्वास द्यावा लागतो. हे साहाय्य पहिल्या मिनिटातच सुरू व्हावे लागते. तज्ज्ञाची वाट पाहण्यास तेथे अवसर नसतो.

या दृष्टीने केंद्र शासनाने २००९ साली नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तत्पूर्वीच गावातील स्त्रियांना हे शिक्षण दिले होते. त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

परंतु प्रशिक्षण झाले म्हणजे कौशल्य आले, असे नव्हे. याकरिता वर्गाच्या प्रारंभी पूर्वचाचणी व अखेरीस तीच उत्तरचाचणी घेतली जाते. पूर्वचाचणीचा हेतू कोणास नापास करणे हा नसून, शिकवणाऱ्यास दिशा देणे हा असतो. बालकास उलटे धरून चापट मारावी, असा जुना समज उत्तरांत दिसला, तर त्यावर अधिक वेळ देता येतो. दोन्ही चाचण्यांतील गुणांचा फरक ही प्रशिक्षणाची फलश्रुती होय.

तथापि लेखी उत्तर व हातचे काम यांत अंतर असते. मिनिटास ४० ते ६० श्वास द्यावेत, हे लिहिता येणे निराळे आणि मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवून छाती वर येते की नाही हे पाहणे निराळे. म्हणून बाहुलीवरील प्रात्यक्षिकाची परीक्षा स्वतंत्रपणे घेणे अगत्याचे ठरते. शिवाय सराव नसल्यास हे कौशल्य काही महिन्यांतच ओसरू लागते. ज्या केंद्रात प्रसूती थोड्या होतात, तेथे हा धोका अधिक. तेव्हा काही महिन्यांनी पुन्हा चाचणी व उजळणी वर्ग हवाच.

अधिकाऱ्यांनी अहवालात केवळ प्रशिक्षितांची संख्या न पाहता दोन्ही चाचण्यांचे गुणही पाहावेत. पंचायत सदस्यांनी आरोग्य केंद्रास भेट देताना प्रसूतीच्या खोलीत चालू स्थितीतील बॅग व योग्य मापाचा मास्क आहे ना, शेवटचा सराव केव्हा झाला, एवढे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. एखाद्या बालकाचा पहिला श्वास त्यांच्या उत्तरावर अवलंबून असू शकतो.