केळनेचं पाणी आणि समुद्रावरच्या रेघा

जंगल कुठं संपलं आणि माळरान कुठं लागलं, ते डोळ्यांना दिसतं. समुद्रावर मात्र जिकडे बघावं तिकडे पाणीच. तरी २००७ मध्ये मार्क स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी जगातल्या किनारी समुद्रांचे २३२ जैविक प्रदेश आखून दाखवले. त्यांत ‘पश्चिम भारत’ आणि ‘पूर्व भारत’ वेगवेगळे आहेत. हे वेगळेपण समजून घ्यायला किनाराच गाठावा असं नाही, मराठवाड्यातलं भोकरदन गावही चालेल.

गावाच्या उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग. पलीकडच्या उतारावरचं पाणी वाघूर नदी तापीत नेते, तापी अरबी समुद्रात. अलीकडची केळना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. (विदर्भातली पूर्णा मात्र तापीला मिळते. नाव एकच, समुद्र दोन!) गंमत अशी, की भोकरदनच्या उत्खननात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीची जुळी वाटावी अशी मूर्ती इटलीत पाँपेईला मिळाली आहे. गावचं पाणी पूर्वेला जात राहिलं, पण गावाचा धागा पश्चिमेकडच्या जगाशीही जुळलेला होता.

आता हे दोन समुद्र बघा. दोन्ही साधारण एकाच अक्षांशावर, दोन्हींवर मोसमी वारे, तरी स्वभाव निराळे. अरबी समुद्रात पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त. एक किलो पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ. उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, गोदावरी गोडं पाणी ओततात. उत्तर टोकाला पावसाळ्याअखेर मिठाचा आकडा ३० च्याही खाली येतो. हलकं गोडं पाणी साईसारखं वर पसरतं आणि तळाकडची पोषकद्रव्यं खालीच अडकतात. केळनेचा वाटा त्यात नगण्य, पण आहे.

उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात नेमकं उलटं घडतं. कोरडे, गार वारे पृष्ठभाग थंड करतात, जड झालेलं पाणी खाली बुडतं आणि खालचं सकस पाणी वर येतं. मग सूक्ष्म वनस्पती फोफावतात. हिवाळ्यातल्या या बहराचं कोडं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उलगडलं. माझ्या मते समुद्राचे प्रदेश आखण्याची खरी किल्ली इथंच आहे: आधी पाणी कसं घुसळलं जातं ते बघा, मासे नंतर मोजा. ॲलन लाँगहर्स्ट यांनी १९९८ च्या पुस्तकात जगातले महासागर याच दृष्टीनं विभागले. उपग्रहांनी टिपलेला पाण्याचा हिरवेपणा त्यांच्या मदतीला होता.

पण या रेघा सातबाऱ्यावरच्या नव्हेत. नोव्हेंबरच्या सुमारास पूर्व किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो आणि उपसागराचं कमी खारं पाणी श्रीलंकेला वळसा घालून थेट लक्षद्वीपपर्यंत घुसतं.