मिश्री, हिरड्या आणि शरीरप्रकृती

बैल खरेदी करताना तो आदत आहे की चौसा, हे दात पाहून ठरविल्याखेरीज शेतकरी सौदा पुरा करीत नाही. परंतु त्याच घरात माणसांच्या तोंडाकडे मात्र दाढ ठणकू लागेपर्यंत सहसा कोणी पाहत नाही. स्त्रियांची दाढदुखी तर पुष्कळदा दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाही. ती मिश्रीच्या डबीशीच थांबते.

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड केली म्हणजे मिश्री तयार होते. दात घासण्याचे साधन म्हणून तिचा आरंभ होतो. पुढे सकाळी, जेवणानंतर, शेतावर निघताना अशा तिच्या वेळा वाढत जातात आणि पूड बराच वेळ तोंडात तशीच ठेवली जाते. मिश्रीने दुखणे काही काळ बधिर होते असे स्त्रिया सांगतात, आणि नेमकी येथेच फसगत होते. रोज त्याच जागी घासल्याने हिरडी मागे सरते, दाताचे मूळ उघडे पडते, त्यास गार पाणी झोंबते, म्हणून पुन्हा मिश्री लावली जाते. दातांवरील किटण मात्र कायम राहते. त्यातील जंतूंमुळे हिरड्या सुजतात, आधाराचे हाड झिजते आणि कीड न लागलेला दातही हलू लागतो.

ही हानी तोंडापुरती राहत नाही. तंबाखूतील निकोटिन तोंडाच्या आतील नाजूक त्वचेतून थेट रक्तात जाते. त्याकरिता ती गिळावी लागत नाही. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि गरोदर स्त्रीच्या गर्भास मिळणारे रक्त कमी होते. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी मिश्री वा तत्सम बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बालके वजनाने सरासरी १०५ ग्रॅम कमी भरली. मूळचेच अडीच किलोच्या आसपास जन्मणाऱ्या बालकाच्या बाबतीत ही घट क्षुल्लक नव्हे.

मधुमेह आणि हिरड्यांचा रोग तर एकमेकांस पोसतात. रक्तातील साखर वाढली की हिरड्या लवकर पिकतात. आणि हिरड्यांची सूज जुनी झाली की साखर आटोक्यात आणणे कठीण जाते. नियमित औषध घेऊनही साखर उतरत नसल्यास तोंडाचीही तपासणी करून घेणे इष्ट होय. वृद्धांची गोष्ट याहून साधी आहे. दात हलू लागले की भाकरी कुस्करून खावी लागते. शेंगदाणे, गाजर, मुळा ताटातून जातात आणि माणूस खंगू लागतो. घरची मंडळी त्याचा दोष वयाला देतात.

तोंडातील पांढरा वा लाल चट्टा आणि दोन आठवड्यांत न भरणारी जखम ही कर्करोगाची पूर्वचिन्हे असू शकतात. आरंभी ती दुखत नाहीत, म्हणून दुखण्याची वाट पाहू नये. सुपारी व गुटखा खाणाऱ्या पुरुषांचे तोंड पुरेसे उघडेनासे झाल्यास तेही तत्काळ दाखवावे.

तंबाखू घातलेली दंतमंजने व टूथपेस्ट बनविण्यास व विकण्यास १९९२ पासून बंदी आहे. घरच्या तव्यावरील मिश्री या नियमाच्या कक्षेबाहेर राहिली. तेथे आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांचाच उपयोग. सासूसमोर सुनेस बोल लावल्याने डबी फक्त लपविली जाते. “मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही,” ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. सवय सुटताना काही दिवस बद्धकोष्ठ, डोकेदुखी व चिडचिड होते, हे आधीच सांगून ठेवावे. मिश्रीच्या जागी राखुंडी वा विटेची पूडही नको, कारण तिने दातांचे वरचे कवच झिजते. मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्ट सर्वांत उत्तम. ती नसल्यास कडुनिंबाची वा बाभळीची काडी नीट चावून मऊ करून वापरावी.

किटण काढल्याने दात सैल होतात, अशी समजूत गावोगाव आढळते. वस्तुतः दात आधीच सैल झालेले असतात आणि किटणाच्या थराने ते जखडलेले भासतात. थर निघाल्यावर काही दिवस फटी जाणवतात व पाणी झोंबते; पुढे सूज ओसरून हिरडी दातास घट्ट बसू लागते.