डोक्याला लागलं, पण किती?

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांची शनिवार सकाळ सॉकरच्या मैदानाच्या कडेला, हातात कॉफीचा कप घेऊन जाते. अशाच एका मॅचमध्ये आमच्या मुलीचं डोकं समोरच्या टीममधल्या मुलीच्या डोक्यावर आपटलं. दोन मिनिटं बसली, पाणी प्यायली, ‘आय ॲम फाइन’ म्हणाली आणि पुन्हा खेळायला पळाली. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या! संध्याकाळी तिला दिव्याचा उजेड सहन होईना, तेच तेच प्रश्न पुन्हा विचारायला लागली, तेव्हा मात्र आमचं धाबं दणाणलं. कन्कशन निघालं. तीन आठवड्यांनी शाळा नीट सुरू झाली.

आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले. पहिला विचार काय आला असेल? ‘याला सेन्सर नाही का?’

आहेत, आणि बऱ्याच वर्षांपासून आहेत. २००३ साली व्हर्जिनिया टेकमध्ये प्रा. स्टीफन ड्यूमा यांच्या गटाने कॉलेजच्या खेळाडूंच्या (अमेरिकन फुटबॉलच्या, बरं का) हेल्मेटमध्ये ॲक्सेलरोमीटर बसवले. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, ती याच जातीच्या चिपमुळे. धक्का किती मोठा, हे ‘जी’मध्ये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट, असं मोजतात. पण धक्का काही मिलिसेकंदांतच संपतो, मग तो बसण्याआधीची नोंद आणायची कुठून? युक्ती झकास आहे. यंत्र सतत नोंदत आणि जुनं पुसत राहतं. ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा धक्का आला की आधीच्या ८ आणि नंतरच्या ३२ मिलिसेकंदांची नोंद जपून ठेवतं. आमच्या धंद्यात याला रिंग बफर म्हणतात.

अडचण अशी की हेल्मेट डोक्यावर हलतं. कानामागे चिकटवायची पट्टी कातडीबरोबर सरकते. म्हणून आता सेन्सर माउथगार्डमध्ये घालतात, कारण वरचे दात कवटीला घट्ट बसलेले असतात. २०२४पासून वर्ल्ड रग्बीने वरच्या पातळीच्या सामन्यांत असे माउथगार्ड तपासणीच्या नियमांत आणले. सुरुवातीला पुरुषांसाठी ७० जी आणि स्त्रियांसाठी ५५ जी अशी मर्यादा ठरवली आणि तिच्या जोडीला डोकं किती झटक्याने फिरलं तेही धरलं.

हे फिरणंच जास्त वाईट. दह्याचं भांडं गर्रकन फिरवून बघा. भांडं आधी फिरतं, दही मागे राहतं आणि आतून चिरतं. मेंदूतले बारीक तंतू तसेच ताणले जातात. रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर नसल्यामुळे सीटी स्कॅन बहुतेक वेळा स्वच्छ येतो, आणि आपण उगाच निर्धास्त होतो.

तर मग सगळ्या मुलांना सेन्सर लावून टाकू? यंदाच्या निधीसाठी कमिटीला हा प्रस्ताव आम्हीच दिला होता आणि नंतर आम्हीच मागे घेतला. सेन्सर फक्त धक्का मोजतो, इजा मोजत नाही. एकाच आकड्याचा मार एकाला काहीच करत नाही, तर दुसऱ्याला आठवडाभर झोपवतो. २०१९मध्ये एफडीएनेही मान्यता नसलेल्या उपकरणांवरून कन्कशनचं निदान करू नका, असा इशारा दिला होता. आमची खरी भीती म्हणजे दिवा लागला नाही म्हणून पोरगं खेळत राहील.

क्रिकेटवाल्यांना २०१९ची लॉर्ड्स टेस्ट आठवत असेल. आर्चरचा बाउन्सर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासणीत पास होऊन तो त्याच दिवशी पुन्हा बॅटिंगला आला. त्रास दुसऱ्या दिवशी सुरू झाला, आणि त्याच्या जागी लाबुशेन हा टेस्टमधला पहिला कन्कशन सब्स्टिट्यूट ठरला. डॉक्टर हजर असताना ही कथा, तर आपल्या पोरांच्या मैदानावर कोण असतं? तुम्ही, आम्ही आणि कॉफी!

या देशात कायदा आहे. वॉशिंग्टन राज्याने २००९मध्ये नियम केला, की शंका आली तरी मुलाला बाहेर काढायचं आणि लेखी वैद्यकीय परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. २०१४पर्यंत सर्व ५० राज्यांत कन्कशनसाठी कायदे झाले. पण शंका यायला बघणारं माणूस लागतं. म्हणून यंदाचा निधी मॅचच्या दिवशी मैदानावर ॲथलेटिक ट्रेनर ठेवण्यासाठी आहे. फॉर्म शेवटच्या पानावर मिळेल.

आणि हे कापून फ्रिजवर लावा: वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, एक बाहुली मोठी दिसणं, बोलणं अडखळणं, झोपेतून जागं न होणं. यातलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट न बघता ९११ लावा.